पाण्याच्या कानात

निवृत्त झाल्यावर माणसाला भाषणाला बोलावतात. नोकरीत होते तोवर मला कुणी काही विचारलं नाही. गळ्यात शिट्टी अडकवून पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी असलेली बाई, एवढीच माझी कोल्हापुरात ओळख. नोकरी सुटली आणि आमच्या भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. “मुलांना ध्येय ठरवायला आणि ते गाठायला कसं शिकवावं, यावर आमच्या पालकांशी बोला.” मी म्हटलं, अहो, मी पोहायला शिकवायची. त्या म्हणाल्या, “मग तेच सांगा की.”

मी घरून बादली घेऊन गेले. शाळेतल्याच नळाचं पाणी भरून ती टेबलावर ठेवली आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना पुढे बोलावलं. म्हटलं, यात तोंड बुडवा आणि यंदा तुम्हाला काय करायचंय ते पाण्याला सांगा. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि “नंतर बघू” म्हणून जागेवर जाऊन बसले. सगळे हसले. खरं तर माझं भाषण तिथंच संपलं होतं, पण चहा यायचा होता म्हणून आणखी बराच वेळ बोलावं लागलं. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहून बघते.

तलाव सकाळी उघडायचा तेव्हा पाण्यावर एक सुरकुती नसायची. मी कुलूप काढून आत जायची आणि शिट्टी न वाजवता काठावर नुसती बसून राहायची. उजाडलं की तळाच्या फरशीवर उन्हाची जाळी हलायला लागायची. इतकी वर्षं बघितली, पण ती जाळी कधी दोनदा सारखी पडली नाही. त्या वेळी आपण जागे आहोत की अजून पांघरुणातच आहोत, हे मला खरंच कळायचं नाही. मग फाटकावर पोरांचा कालवा व्हायचा, “आक्का, आक्का” सुरू व्हायचं आणि माझा दिवस उजाडायचा. सासूबाई म्हणायच्या, ही नोकरीला जाते का आंघोळीला, कळत न्हाय बाई.

मी स्वतः पोहायला शिकले ती म्हशीची शेपटी धरून. आमच्या गावच्या नदीत म्हशी धुवायला नेल्या की त्या पलीकडच्या काठाला जायच्या आणि आम्ही पोरी मागनं लटकायचो. म्हैस काही शिकवत नाही. तिला पलीकडचं गवत पाहिजे असतं, ती सरळ तिकडे जाते, आणि शेपटीला धरलेली पोरगी आपोआप पोचते. पुढे नोकरीत अशी पुष्कळ मुलं बघितली. आई किंवा बाप आपल्या गवताकडे निघालेले असायचे आणि मूल मागनं लटकलेलं असायचं. पोचायचं तेही, पण शेपटी सुटली की गटांगळी खायचं.

आता आमच्या धंद्यातलं थोडं सांगते. नवीन मुलाच्या पाठीला आम्ही पत्र्याचा डबा बांधतो. तोंड पक्कं बंद केलेला रिकामा डबा, त्याला सुती दोर, दोर छातीखालून. डबा मुलाला वर धरतो, म्हणून त्याला हातपाय मारायला सुचतं. आधी मोठा डबा, मग लहान, मग नुसता दोर. नुसत्या दोरावर पोरगं ऐटीत पोहत असतं, पाठीला काहीतरी बांधलंय एवढं त्याला पुरतं. एक दिवस तो दोरही सुटतो आणि त्याच्या ध्यानात येत नाही.

पण हातपाय हा सोपा भाग. अवघड असतो तो श्वास. घाबरलेलं मूल श्वास कोंडून धरतं आणि अंग लाकडासारखं ताठ करतं. पाण्यात श्वास सोडायचा असतो, हे त्याला सांगून पटत नाही. पहिली काही वर्षं मी घसा फोडून ओरडले, “सोड, श्वास सोड.” उपयोग शून्य. मग एकदा एका रडव्या पोरीला कंटाळून म्हटलं, मला काही सांगू नकोस, तुला काय पाहिजे ते पाण्याला सांग जा. तिनं रागानं तोंड बुडवलं आणि पाण्याला चांगलं झापलं. बुडबुडे आले. बोलायचं म्हटल्यावर श्वास सोडावाच लागतो. ती पोरगी वर आली ती शिकूनच.

तेव्हापासून माझी ती रीत झाली. पहिल्या दिवशी प्रत्येकानं पाण्यात तोंड घालायचं आणि या उन्हाळ्यात आपल्याला काय करायचंय ते पाण्याच्या कानात सांगायचं. मी विचारायचं नाही. दुसऱ्या कुणी विचारायचं नाही. झालं की मग वाटल्यास सांगायचं, नाही वाटलं तर नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की जी गोष्ट मोठ्यांसमोर छाती काढून बोलली जाते ती बहुतेक वेळा मोठ्यांचीच असते. पाण्याला सांगितलेली तेवढी मुलाची स्वतःची.

गुळाच्या अडतीवरचे एक व्यापारी आपल्या मुलाला घेऊन आले. मुलानं पहिल्या दिवशी पाठ केलेलं बोलून दाखवलं, “मला राज्यात पहिलं यायचंय.” वडील शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभे. मी म्हटलं, छान, आता पाण्याला सांग. त्यानं तोंड बुडवलं आणि ते बुडबुडे काही ‘राज्यात पहिला’ एवढेच नव्हते, बराच वेळ येत राहिले. त्या मुलाला तळाशी जायची फार घाई. बाकीची अजून कड धरून पाय मारतायत तर हा डोळे उघडे ठेवून खाली जायला बघतोय. शेवटी खोल बाजूच्या तळाला हात लावून वर आला आणि मला म्हणाला, “आक्का, जाळीत मगर न्हाय.” पाणी जायच्या जाळीत मगर असते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते बघून यायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पुढे त्यानं वडिलांना पदकंही आणून दिली. पण जाळी बघून वर आला तेव्हाचा त्याचा चेहरा पदक घेताना मला काही दिसला नाही.

सगळ्यांचं कळलं असंही नाही. बायकांच्या वेळेला डाळीच्या गिरणीवाल्या एक मावशी यायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनाही मी पाण्याला सांगायला लावलं. लाजल्या, हसल्या, पण सांगितलं. मग रोज मन लावून हातपाय मारायच्या आणि जाताना म्हणायच्या, “झालं की सांगतो हं तुला.” एका पावसाळ्यानंतर त्या आल्याच नाहीत. तलावाचं पाणी बदलायचा दिवस यायचा तेव्हा मला त्यांची हटकून आठवण व्हायची. पाणी गटारानं नदीकडे निघालेलं असायचं आणि वाटायचं, कितीजणांचं काय काय सांगितलेलं त्यातून चाललंय. मावशींचं मी तेवढं विचारून घ्यायला हवं होतं, असं अजून वाटतं. रीत माझीच, तरी वाटतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात सानिका आली. उचगावची, चौथी संपवून पाचवीत जाणारी. वेण्या घट्ट, नजर धीट. तिचे वडील महादेव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर होते. रात्रपाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच ते तिला घेऊन यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“आक्का, पोरीला पोहायला आलं पायजे. काय बी करा.”

“येईल की.”

“पण डबा काढायचा न्हाय.”

मला वाटलं, पहिल्या आठवड्यापुरतं म्हणतायत. मी म्हटलं, आधी बांधू, मग हळूहळू सोडू. ते म्हणाले, “सोडायचा न्हाय म्हंतोय न्हवं. डबा ठिऊन शिकवा.” इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. लवकर काढा म्हणणारे खूप आले, काढूच नका म्हणणारे हे पहिलेच.

डबा ते स्वतः बांधायचे. दोराला दुहेरी गाठ मारायचे आणि मग बोटाच्या पेरानं डब्यावर टकटक करून बघायचे. आवाज पोकळ आला की मगच तिला सोडायचे. त्यानंतर तास संपेपर्यंत काठावरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून उभे. मी एकदा म्हटलंसुद्धा, “पावणं, जरा सैल सोडा की त्याला, उपटून येईल.” ते हसले नाहीत. पाण्याकडे बघून हसणं त्यांना जमतच नव्हतं.

सानिकानं पहिल्या दिवशी पाण्याला सांगितलं ते थोडक्यात. पण ती रोज सांगायला लागली. आल्याबरोबर उथळ बाजूच्या कोपऱ्यात जायची, तोंड बुडवायची, तेवढेच बुडबुडे यायचे आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा. देवाला हात जोडून शाळेला निघावं तसं. काही दिवसांतच ती इतकी छान पोहायला लागली की पाठीवरचा डबा नुसता डगडगत मागनं यायचा. तो आता तिला वर धरत नव्हता, उलट आडवा येत होता. तिच्याबरोबरची मुलं नुसत्या दोरावर आली, मग दोरही सुटले. तलावात सूर मारणाऱ्या पोरांत एकटी सानिका डबेवाली. पोरं चिडवायची. ती ऐकून घ्यायची.

मी वडिलांशी बोलायचं ठरवलं. सगळी पोरं कपडे बदलायला गेली तेव्हा म्हटलं, “तिला डब्याची गरज नाही आता. काढू या.”

“काढला तर उद्यापास्नं ती यायची न्हाय,” ते म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी हळू. मग कठड्याकडे बघत त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. ते मूळचे नेसरीकडचे. दोघं भाऊ लहान असताना नदीवर गेले होते. धाकटा पाण्यात उतरला, खोल गेला. ह्यांना पोहता येत नव्हतं. ते काठावर उभे राहून हाका मारत राहिले. माणसं धावत आली तोवर उशीर झाला होता.

“मला येत न्हवतं म्हणून पाण्यातच ऱ्हायलं ते,” ते म्हणाले. “म्हणून हिला आलं पायजे. पण डबा सुटलेला बघवणार न्हाय मला.”

ज्या माणसाला आपली पोर पाण्यात तरावी असं मनापासून वाटतंय, त्याच माणसाला ती सुटी तरताना बघवत नाही. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. त्यांना न विचारता डबा काढून दाखवणं मला सहज जमलं असतं, पण ते मी करणार नव्हते. त्यांनी पोर माझ्या हवाली केली होती ती त्या एका अटीवर.

एके दिवशी सानिका पाण्यातून डोकं काढून म्हणाली, “आक्का, खालनं बघितलं की बाबा हसल्यागत दिसत्यात.”

“कसे?”

“पाणी हलतंय न्हवं, तोंड हलतंय त्येंचं. वर आलं की न्हाय हसत.” आणि पुन्हा खाली गेली. मग मी नीट बघायला लागले. ती पोहायला येत होती त्यापेक्षा जास्त तळाशी पाठीवर वळून, डब्याला झुंजत, वर काठाकडे बघायला येत होती. डबा तिला खाली राहू देत नव्हता, दर वेळी ओढून वर आणत होता. तरी ती पुन्हा जायची.

उन्हाळ्याच्या वर्गाचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्याकडे छोटी जत्रा. आयाबाया डब्यांतून पोहे, उप्पीट आणतात, मुलं पोहून दाखवतात, काठावर टाळ्या. त्या दिवशी महादेव नेहमीसारखे पाळीवरून थेट आले, डबा बांधला, टकटक केलं. सानिका पोहली, टाळ्या झाल्या, डबा डगडगला, पोरं हसली. मग ती शिडीनं वर आली आणि वडिलांपुढे पाठ करून उभी राहिली.

“बाबा, गाठ सोडा.”

त्यांना वाटलं, झालं, आता घरी. ओली दुहेरी गाठ सुटायला वेळ लागला. शेवटी दातानं ओढून त्यांनी ती सोडली. सानिकानं डबा हातात घेतला, वळली आणि त्यांच्या मागे जाऊन तो त्यांच्या पाठीला लावला.

“आता तुमी.”

“खुळी हायस काय?”

“मी हाय की शेजारी. उथळातच जायचं. आक्का बी हाय.”

ते माझ्याकडे बघायला लागले, मी नाही म्हणावं म्हणून. तलावाचा नियम मला चांगला पाठ होता आणि वेळही मोठ्यांची नव्हती. पण मी सामानाच्या खोलीत गेले आणि दुसरा डबा घेऊन आले. म्हटलं, “मोठ्या माणसाला दोन लागतात.” विसरून राहिलेल्या कपड्यांच्या पेटीत एक फुलाफुलांची हाफ पँट पडून होती, तीही पुढे केली. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. महादेव हसले नाहीत, पण त्यांनी पँट घेतली.

दोन्ही डबे पाठीला बांधून ते शिडीवरून पाठमोरे उतरले. एकेका पायरीवर थांबत. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. कमरेला आलं तेव्हा शिडीची दांडी धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. काठावरचा गलका आपोआप थांबला. सानिका कधीच पाण्यात उतरली होती आणि त्यांच्या कोपरापाशी मान वर काढून तरंगत होती.

मी काठावर उकिडवी बसले. “श्वास कोंडू नका,” म्हटलं. “तोंड बुडवा आणि बोला.”

“काय बोलू?”

“मला सांगू नका. पाण्याला सांगा.”

पाण्यावर ऊन आलं होतं आणि तळाची जाळी त्यांच्या पायांवरून हलत होती. मला मध्येच वाटलं, हे मी झोपेत बघतेय, थोड्या वेळानं घरी जाग येईल. मग त्यांनी मान खाली घातली. सानिकानंही त्यांच्या शेजारी डोकं बुडवलं. आधी काहीच नाही. मग एक मोठा बुडबुडा, आणि मग पुष्कळ, एकामागून एक. इतका जुना श्वास कुणी माझ्यापुढे पाण्यात सोडलेला मी पाहिला नव्हता. ते वर आले तेव्हा खोकत होते, चेहरा ओला होता आणि त्यातलं किती पाणी तलावाचं होतं, ते कुणी बघायला गेलं नाही. दांडीवरचा एक हात मात्र सुटला होता.

सानिका पोहत माझ्यापाशी आली. कुजबुजली, “आक्का, पाण्यात मला ऐकाय आलं.”

‘काय’ माझ्या ओठावर आलं होतं. सगळ्या नोकरीत हा एकच प्रश्न मला इतका विचारावासा वाटला.

“सांगायचं न्हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“माझं झालं पण. माझं सांगू?”

“सांग.”

“बाबा आत येऊ देत, आसं म्हणायचो रोज,” ती म्हणाली आणि वळून खोल बाजूकडे निघाली. लांब लांब हात टाकत, सरळ, मोकळ्या पाठीनं. काठावरून कुणीतरी टाळी वाजवली. त्या आवाजानं महादेवनी मान वर केली आणि त्यांना ती दिसली, तलावाच्या मधोमध, पायाखाली तळ नाही अशा जागी.

“सानिका, डबा कुठाय तुझा?”

“तुमच्या पाठीवर हाय की,” तिकडून आवाज आला.

त्यांनी दुसराही हात दांडीवरून सोडला, मागे नेला आणि आपल्या पाठीवरच्या डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.